जावळीचे मुक्काम

बामणोलीहून कोयनेच्या जलाशयात निघालेली आमची लाँच दीड तासाने वासोट्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीच्या काठाशी लागली, तेव्हा आमच्या गिरिभ्रमण मंडळातील एक तरुण सभासद समोरच्या गर्द रानाकडे पाहत स्तब्ध उभा राहिला, आणि आपल्या आधी येथे कोणी मुक्काम केलाच नसेल, असे मोठ्या भक्तिभावाने म्हणाला. वाट दाखवण्यासाठी आमच्याबरोबर आलेले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणत होतो, पाठीवरची शिध्याची गोणी खाली ठेवता ठेवता त्याच्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "न्हाई कसं, पाव्हणं? ह्ये तर आमचं खळं."

ही गोष्ट या अरण्याचा व्याघ्रप्रकल्प होण्यापूर्वीची. त्या काळी वनखात्याची परवानगी काढून अभयारण्याच्या हद्दीत रात्र काढता येत असे. आज पर्यटकाने सकाळी जावे आणि दिवस मावळण्यापूर्वी काठ सोडावा असा नियम आहे, व तो योग्यच आहे असे माझे मत आहे. आम्ही बावीस जण होतो. शनिवार-रविवारची दोन दिवसांची रजा, चार तंबू, दोन रॉकेलचे स्टो, तांदूळ, मुगाची डाळ, भडंगाचे डबे आणि प्रत्येकाच्या पाठीवर एकेक वळकटी, एवढा आमचा सरंजाम. तंबू ठोकण्यासाठी जी सपाट जागा आम्हांला दैवदुर्लभ वाटली, ती निसर्गाने सपाट केलेली नव्हती, हे मामांच्या त्या एका वाक्यानंतर आम्हांला दिसू लागले. कारवीच्या जाळीत दगडी ताली होत्या. तालींमागे भाताची खाचरे एकीखाली एक उतरत गेली होती. जरा वर एका घराचे जोते, जोत्याच्या कोपऱ्यात जात्याची फुटकी तळी, आणि अंगण असावे तेथे, ज्यातील तुळस केव्हाच वाळून गेली आहे असे एक दगडी वृंदावन. त्या रात्री ज्याला आम्ही निर्जन अरण्य समजून आलो होतो, त्याच्या अंगणात आम्ही निजलो. तेव्हापासून या खोऱ्याचा इतिहास जेथे सापडेल तेथे वाचण्याचा मला छंद जडला, आणि तो वाचताना एक गोष्ट माझ्या मनावर उत्तरोत्तर ठसत गेली, ती ही की, जावळीचे निर्जनपण ही सृष्टीने दिलेली देणगी नसून माणसांनी, बहुधा हुकुमाने आणि वेळोवेळी, घडवलेली वस्तू आहे.

प्रथम प्रदेश सांगितला पाहिजे. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना इतर पूर्ववाहिनी नद्यांप्रमाणे लगेच पूर्वेकडे वळत नाही. सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी ती सुमारे पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला धावते, हेळवाकपाशी एकाएकी काटकोनात वळते आणि मग कऱ्हाडला कृष्णेला जाऊन मिळते. या दक्षिणवाहिनी कोयनेच्या वरच्या अंगाचे खोरे, त्याच्या दोन्ही बाजूंचे डोंगर आणि पश्चिमेला कोकणात कोसळणारे कडे, हा सारा मुलूख म्हणजे जुनी जावळी. महाबळेश्वराच्या माथ्यावर वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्या पावसाने वाढलेले अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा यांचे सदाहरित रान खोऱ्याच्या उतारांवरून खाली उतरते. रान दाट खरे. परंतु घाटावरून कोकणातील बंदरांकडे जाणाऱ्या वाटा याच रानातून जातात, आणि जेथून वाट जाते तेथे जकात, चौकी आणि वतन ही येतातच.

हे वतन मोऱ्यांचे होते. विजापूरच्या आदिलशाहीने त्यांना 'चंद्रराव' असा किताब दिला होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो किताब धारण करणाऱ्या या घराण्याने, नावाला बादशहाचे चाकर पण व्यवहारात आपल्या रानाचे राजे, अशा थाटाने खोरे सांभाळले. भातनाचणीवर बसणारा दस्त थोडा, परंतु घाटवाटा हातात असल्यामुळे सत्ता मोठी, असे त्यांच्या बळाचे स्वरूप होते. जावळीला 'वाघाची जाळी' म्हणत, ते या रानाइतकेच या घराण्यालाही उद्देशून असावे. 1656च्या जानेवारीत शिवाजीराजांनी जावळी घेतली; त्याच वर्षी मोऱ्यांची रायरीही हाती आली, जिचा पुढे रायगड झाला; आणि पार घाटाच्या नाक्यावर मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहू लागला.

या रानात पडलेला सर्वांत मोठा तळ त्यानंतर तीनच वर्षांनी पडला. मराठीत तंबूला किती शब्द आहेत, याचा एकदा विचार करावा: डेरा, राहुटी, पाल, कनात, शामियाना, आणि थांबण्याला मुक्काम, तळ, छावणी, गोट, पडाव. यांतील काही शब्द फारसी-अरबीच्या वाटेने, लष्कराबरोबर आले आहेत, कारण दोन-अडीच शतके या देशाचे राजकारण घरापेक्षा कापडाच्या छताखाली अधिक चालले. 1659च्या नोव्हेंबरात कोयनाकाठच्या पार गावी अफजलखानाची छावणी उतरली, ती अशा साऱ्या शब्दांना पुरून उरणारी होती: हत्ती, घोडे, उंट, तोफा, बाजारबुणगे. बखरींत असे वर्णन आहे की, खानाला यायला सोयीचा असा रस्ता झाडी तोडून मुद्दाम सिद्ध केला गेला, आणि बाकीच्या वाटा तोडलेल्या झाडांनी बुजवण्यात आल्या. 10 नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान मारला गेला आणि इशारतीबरोबर रानात दबा धरून बसलेले मावळे पारच्या छावणीवर तुटून पडले. ज्यांना रान परके होते त्यांचा तळ रानाने गिळला. या प्रसंगाची व्यूहरचना आपण शाळेपासून वाचत आलो आहोत, म्हणून तिचा विस्तार येथे करीत नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते एवढ्याचकडे की, त्या दिवशी जावळीची झाडी हे एक शस्त्र होते, आणि शस्त्राप्रमाणेच तिची एका बाजूला धार काढण्यात आली होती व दुसरी बाजू म्यानात ठेवण्यात आली होती.

झाडी शस्त्र म्हणून बाळगण्याची ही विद्या पुढे लेखी नियमांत उतरली. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यातील दुर्गप्रकरण मी किती वेळा वाचले असेल, याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी त्यातील एका गोष्टीने मला थांबवले आहे. गडाचे पाणी, दारूगोळा, दरवाजे, नेमणुका यांइतक्याच काळजीने ग्रंथकर्ता गडाभोवतीच्या झाडीचा विचार करतो: घेऱ्यातील रान वाढवावे, दाट करावे, त्यातील काठीही तोडू देऊ नये, म्हणजे प्रसंगी बंदूकधारी माणसे त्यात लपून शत्रूला अडवू शकतील. याच आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी, जहाजांसाठी सागवान तोडायचे तर हुजुराची परवानगी घ्यावी, आंबा-फणसाच्या झाडांना मात्र हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकराप्रमाणे वाढवलेली असतात व ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही, असे सांगितले आहे. म्हणजे ज्या राज्यकर्त्यांनी डोंगरी मुलूख राखला, त्यांच्या लेखी रान ही दोन प्रकारची मालमत्ता होती: एक सरकारने युद्धासाठी राखलेले, दुसरे रयतेने पोटासाठी वाढवलेले. दोन्ही राखीव, दोन्हींना धनी.

'मेट इंदवली' या नावातील पहिला शब्द याच व्यवस्थेचा अवशेष आहे. गडाच्या पायथ्याशी वा चढणीच्या मध्यावर, वाटेवर नजर ठेवता येईल अशा जागी जी चौकी असे, तिला मेट म्हणत. आणि गडाभोवतीचा जो पट्टा त्याच्या तैनातीत असे तो घेरा. घेरा रसाळगड, घेरा पुरंदर अशी गावांची नावे आजही महसूलदप्तरी आहेत. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे एकमेकांवर नजर ठेवणारे तीन अंमलदार असत. गडाखाली, घेऱ्यात आणि मेटांवर, रामोशी, महार, मांग, बेरड, कोळी अशा जातींची माणसे आपापल्या कुटुंबांसह राहत आणि वाटा, झाडी, खालची खबर या गोष्टी सांभाळत. वरच्या तिघांची नावे कागदपत्रांत सापडतात, खालच्यांची क्वचितच. आम्ही ज्या खाचरांत तंबू ठोकले, त्यांच्या ताली कोणी प्रथम रचल्या हे कोणत्याही दप्तरात नसेल. परंतु गडाला पहारेकरी हवे होते म्हणून येथे वस्ती झाली असावी, आणि वस्तीला भात हवे होते म्हणून ताली झाल्या असाव्यात, हे गावाच्या नावावरूनच मनाशी धरता येते.

वासोट्याला शिवाजीराजांनी व्याघ्रगड असे नाव दिले, पण ते दरबारातच राहिले. लोकांनी वासोटा हेच नाव चालवले. हा गड लढण्यापेक्षा लपवण्यासाठी अधिक उपयोगी पडला. तिन्ही बाजूंना रान, चौथ्या बाजूला बाबुकड्याचा भयंकर नालाकृती तुटलेला कडा: येथे ठेवलेला कैदी पळून जाईल तरी कोठे? म्हणून वासोट्याचा इतिहास हा बव्हंशी कैद्यांचा आणि आश्रितांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी औंधचे परशुरामपंत प्रतिनिधी आणि पेशवे यांच्यात बेबनाव झाला, बापू गोखल्यांनी प्रतिनिधींना पकडले, तेव्हा त्यांच्या आश्रयातील ताई तेलीण या बाईने वासोटा धरून ठेवला आणि पेशव्यांच्या त्या नामांकित सेनापतीशी सुमारे आठ महिने झुंज दिली. गडावरच्या धान्याच्या कोठारांना आग लागली तेव्हाच तिने गड सोडला. तिच्याविषयी लोकांत एक चटकदार पद्य प्रचलित आहे आणि तिचे नाव बहुतेकांना त्या पद्यामुळेच ठाऊक असते. मला मात्र त्यातील थट्टेचा सूर नेहमीच खटकत आला आहे. आठ महिने, अपुऱ्या शिबंदीनिशी, बापू गोखल्यांसमोर गड राखणे ही थट्टेची गोष्ट नव्हे, आणि ती एखाद्या सरदाराने केली असती तर तिच्यावर पोवाडे झाले असते.

1817च्या नोव्हेंबरात इंग्रज-पेशवे युद्ध पेटले, त्या सुमारास हैदराबादेहून पुण्याकडे येणारे हंटर आणि मॉरिसन हे दोन तरुण इंग्रज अधिकारी उरळीजवळ पकडले गेले. त्यांना प्रथम कांगोरीच्या किल्ल्यावर आणि नंतर वासोट्यावर ठेवण्यात आले. साताऱ्याच्या राजघराण्यातील काही मंडळीही त्या वेळी याच गडावर अटकेत होती. फेब्रुवारी 1818मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, एप्रिलमध्ये, जनरल प्रिट्झलरची फौज वासोट्यापुढे येऊन उभी राहिली. ज्या रानाने खानाची छावणी गिळली, त्याच रानातून इंग्रजांनी उखळी तोफा ओढत नेल्या आणि जुना वासोटा म्हणून जो समोरचा उंच डोंगर आहे, त्यावरून गडावर मारा केला. किल्लेदार भास्करपंताने गड स्वाधीन केला, कैदी सुटले, आणि वासोट्याचे राजकीय आयुष्य तेथेच संपले. गडावर आज मारुतीचे मंदिर, महादेवाचे देऊळ, पाण्याची टाकी, वाड्यांची जोती, चुन्याच्या घाण्याची खाच एवढे उरले आहे. चुन्याच्या घाण्याशी मी पुष्कळ वेळ बसून होतो. दगडी चाक ज्या वर्तुळात फिरत असे त्या वर्तुळात पाचोळा साचला होता, आणि बैलाला हाकणाऱ्या माणसाचा, गडावरच्या साऱ्या राजकारणाहून अधिक खरा असा, काही तरी मागमूस त्या झिजलेल्या कडेवर होता असे मला वाटले.

लढायांचे मुक्काम थोडे आणि मोजके. या खोऱ्यात वर्षानुवर्षे जे मुक्काम पडत राहिले ते निराळ्याच लोकांचे. मिठाच्या गोण्या लादलेले बैल कोकणातून चढत आणि घाटावरचे धान्य घेऊन उतरत. लमाणांचे तांडे पावसाळ्याच्या आत पार व्हायचे म्हणून पाण्याच्या जागा धरून थांबत थांबत जात. गवळी धनगर माथ्यावरच्या सपाटीवर आपल्या म्हशी घेऊन राहत, लोणी-तूप खालच्या गावांत घालून धान्य घेत. त्यांची घरे, जनावरांच्या चाऱ्याप्रमाणे, थोड्या थोड्या वर्षांनी जागा बदलीत. खालच्या कुणब्यांची भातखाचरे नदीकाठी, आणि वरच्या उतारांवर नाचणी-वरीची कुमरी: झाडझुडूप तोडून, वाळवून, जाळून एक-दोन वर्षे पीक घ्यायचे आणि मग तो तुकडा पुन्हा रानाला देऊन पुढे सरकायचे. भाताच्या रोपासाठी फांद्या-पाचोळा जाळून राब करायचा, त्यासाठीही रानच हवे. हिरडा गोळा करून विकायचा. कातडी कमावण्याच्या कामी त्याला दूरदूरची गिऱ्हाइके होती. जे रान आपण आज अस्पर्श म्हणून पाहतो, ते अशा रीतीने तोडले गेलेले, जाळले गेलेले, चारले गेलेले, वेचले गेलेले, आणि मध्यंतरी विश्रांती मिळालेले रान आहे. जेथे कोयता खरोखरच पोहोचला नाही अशी जागा म्हणजे देवराई. गावाने देवाच्या नावाने राखलेली. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 नंतरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा विद्वानांचे लक्ष तिकडे गेले. खेड्यातील माणसाला ती कोठे आहे आणि तीत काय तोडू नये, हे शोधून काढावे लागले नव्हते.

मग नवा धनी आला. 1847 साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे जंगलांचे पहिले संरक्षक नेमले गेले; पुढच्याच वर्षी साताऱ्याचे राज्य खालसा झाले; आणि 1878च्या कायद्याने रानांचे 'राखीव' आणि 'संरक्षित' असे वर्ग पाडले. 'राखीव' हा शब्द नवा नव्हता, रान राखणे ही कल्पनाही नवी नव्हती. नवे होते ते हे की, राखणारा आणि राहणारा ही दोन माणसे कायमची वेगळी झाली. कुमरीवर बंधने आली, राबाचे पाले तोडणे हा गुन्हा ठरला, कुरणात गेलेले ढोर कोंडवाड्यात जाऊ लागले. महात्मा फुले यांनी 1883 साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगल खात्याने डोंगर-टेकड्या, गायराने आपल्या घशात घातल्याची तक्रार केली आहे, ती त्यांनी ज्या त्वेषाने केली तो त्वेष ओळखण्यासाठी असा एखादा ढोर हरवलेला शेतकरी डोळ्यांपुढे आणला पाहिजे. 1930 साली, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील बिळाशी येथे जंगल सत्याग्रह झाला, तो या असंतोषाचाच परिपाक होता. आपण मिठाचा सत्याग्रह ध्यानात ठेवला आणि गवताचा विसरलो.

येथे आमच्यासारख्या डोंगरवेड्यांचा पूर्वेतिहासही सांगितला पाहिजे, कारण तोही याच रानात येऊन मिळतो. आल्प्सच्या उतारांवर हौसेने चढण्याची जी प्रथा युरोपात पडली, ती आमच्याकडे तशीच आली नाही. आमची पावले डोंगरावर वळली ती गडांमुळे. 1869 साली फुल्यांचा शिवाजीराजांवरील पोवाडा प्रसिद्ध झाला. 1880 नंतरच्या दशकात जेम्स डग्लस या मुंबईकर इंग्रजाने रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिले आणि त्याची बोच मराठी सुशिक्षितांना लागली. 1896च्या एप्रिलमध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. रायगडाची वाट चढणे हा तेव्हा व्यायाम नव्हता, करमणूक तर नव्हतीच. ती यात्रा होती. चिंतामण गंगाधर गोगटे यांनी किल्ल्यांची माहिती संगृहीत केली, गो. नी. दांडेकरांनी पुढे पाठीवर पडशी टाकून गड पायाखाली घातले आणि त्यांवर ललित लेखनही केले. त्यांच्या पुस्तकांनी आमच्या पिढीतील कितीजणांना घराबाहेर काढले! एव्हरेस्टवर 1953 साली मानवाचे पाऊल पडल्यानंतर गिर्यारोहणाची जी लाट आली, तीत 1954 साली मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था स्थापन झाली, आणि दोर, खिळे, तंबू, पाठपिशव्या हा सारा नवा परिवार जुन्या यात्रेला येऊन मिळाला. महाविद्यालयांतून, कारखान्यांतून, वसाहतींतून अशी मंडळे निघाली. आमचे मंडळ त्यांतलेच एक, फार थोरही नव्हे, फार जुनेही नव्हे.

आणि त्याच 1954 साली कोयनेवर धरणाच्या कामाला आरंभ झाला. पहिल्या महायुद्धानंतर टाटांनी या नदीची विजेसाठी पाहणी केलेली होती. काम मात्र स्वातंत्र्यानंतर हाती घेण्यात आले. पश्चिमेकडे कोकणात पाणी सोडून वीज निर्माण करायची, म्हणून दक्षिणवाहिनी नदीला हेळवाकजवळ अडवायची, ही कल्पना अभियांत्रिकीच्या दृष्टीने विलक्षण होती, आणि कोयनेच्या विजेने महाराष्ट्रातील उद्योगांना जे बळ दिले ते मी कमी लेखत नाही. ज्या दिव्याखाली मी हे लिहितो आहे, त्यातही कोयनेचा अंश असेल. धरणाची उंची 103 मीटर. 1962च्या सुमारास पाणी चढू लागले, आणि नदीकाठची भातखाचरे, देवळे, खळी, चावड्या, स्मशाने हे सर्व जे खोऱ्याच्या तळाला होते, ते पाण्याखाली गेले. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे मेली आणि कोयनानगरची घरे जमीनदोस्त झाली. माणसे आधीच विखुरली होती: कोणी सोलापूरकडे, कोणी सांगलीकडे, कोणी ठाण्याकडे; कित्येक भातकरी, ज्या मुलखात भात ठाऊक नाही तेथे गेले. जी गावे पाण्याच्या रेषेच्या वर उरली त्यांच्या वाटा पाण्याखाली गेल्या होत्या; बाजार, शाळा, वैद्य सारे पैलतीरावर राहिले. 1985 साली कोयना अभयारण्य झाले, 423 चौरस किलोमीटरांचे; 2010 साली चांदोलीसह त्याचा सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. ज्या काठावर वाहतूक नाही आणि वस्ती नाही तेथे गवे, अस्वले, बिबटे, शेकरू सुखाने राहू लागले. ते तसे राहावेत असे मला मनापासून वाटते. परंतु त्यांना जागा करून देण्यासाठी कोण उठून गेले, हे विसरून तसे वाटून घेण्याचा अधिकार मला नाही. धरणाला अर्धशतक उलटून गेल्यावरही कोयनेच्या विस्थापितांनी जमिनीच्या हक्कासाठी कोयनानगरला ठिय्या दिला, याची आठवण हौशी फिरस्त्यांनी तरी ठेवलीच पाहिजे.

त्या शनिवारी रात्री मूगखिचडी झाल्यावर आम्ही शेकोटी केली नाही. वाळलेले लाकूड पुष्कळ होते, सभासदांचा आग्रहही होता, पण ते अभयारण्य होते, आणि मामांनी नुसते, "रानात जाळ कशाला?" असे विचारले, ते पुरेसे झाले. रॉकेलच्या कंदिलाभोवती आम्ही बसलो. मामा फारसे बोलले नाहीत. ज्या गोष्टी ऐकण्याची आम्हांला उत्सुकता होती, म्हणजे अस्वले, भुते, गुप्तधन, त्यांपैकी एकही त्यांनी सांगितली नाही. पाणी कोणत्या झऱ्याचे प्यावे, जळवा कोठे असतात, नागेश्वराच्या गुहेकडे जाताना कड्याच्या कडेने चालताना कोणत्या दगडावर भार देऊ नये, एवढेच ते सांगत होते. नागेश्वर ही वासोट्यापलीकडची एक गुहा. तीत महादेव आहे, छतातून वर्षभर पाणी ठिबकते, आणि महाशिवरात्रीला कोकणातील चोरवण्याहूनही माणसे चढून येतात. त्या वाटेवर दुसऱ्या दिवशी आम्हांला पायऱ्या कोरलेल्या दिसल्या, तेव्हा सभासदांपैकी कोणीही, येथे आपल्या आधी कोणी आलेच नसेल, असे म्हटले नाही.

रविवारी दुपारी वासोटा उतरून आम्ही तंबू आवरले. ताडपत्र्यांखाली दबलेले गवत हाताने उभे केले, कचरा पोत्यात भरला, ताली विस्कटल्या होत्या तेथे दगड पुन्हा बसवले. मे महिना होता. जलाशयाचे पाणी खूप उतरले होते आणि काठाला तांबड्या-करड्या चिखलाची रुंद पट्टी उघडी पडली होती. लाँच यायला वेळ होता. मामा त्या पट्टीपर्यंत खाली उतरले, चिखलातून वर आलेल्या एका दगडी रेषेशी थांबले, आणि आमच्यातील त्या तरुण सभासदाला हाताने खूण करून बोलावले. तो गेला, त्याच्या मागोमाग मीही गेलो. ती देवळाच्या पायरीची रेषा होती. मामांनी तेथून पाण्याकडे बोट केले आणि एकेक तुकडा दाखवीत नावे सांगू लागले: हा उंबराचा तुकडा, ह्याच्या खाली वढ्याची पट्टी, पलीकडं चिंचेचं आवड, ते आमच्या थोरल्या चुलत्याचं. तरुणाने खिशातून वही काढली आणि मामा जसजशी नावे सांगत गेले, तसतशी तो ती लिहून घेऊ लागला. लाँचीचा भोंगा वाजला तेव्हा तो विचारत होता, चिंचेच्या आवडापलीकडे कोणाची जमीन होती? मामांनी जरा आठवले, आणि आणखी दोन नावे सांगितली.